पगारी गोलंदाजाचा फोटो

न्यूयॉर्कच्या गुडविन आणि कंपनीने १८८७ च्या सुमाराला आपल्या ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉल खेळाडूंचे छोटे फोटो घालायला सुरुवात केली. तपकिरी छटेचा, दोन बोटे रुंदीचा एक कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा, पुढे हात पसरून उभा राहिलेला खेळाडू, आणि त्याच्या हातांपासून वीतभर अंतरावर हवेत थांबलेला चेंडू. भिंग घेऊन पाहिले की चेंडूच्या वर बारीक दोरा दिसतो. तेव्हाच्या कॅमेऱ्याला पळता चेंडू टिपणे अवघड होते, म्हणून ब्रुकलिनच्या जोसेफ हॉलसारखे छायाचित्रकार चेंडू चक्क छताला टांगत. आज हेच फोटो जगभरचे संग्राहक जपून ठेवतात, विकतात, त्यांवर जाडजूड ग्रंथ लिहितात.

त्यानंतर थोड्याच वर्षांत आपल्या पुण्यात एक मुलगा पारशी क्रिकेट क्लबच्या मैदानावर महिना तीन रुपये पगारावर खेळपट्टी झाडत होता, रोलर ओढत होता आणि सभासदांना सरावासाठी चेंडू टाकत होता. त्याचे नाव बाळू बाबाजी पालवणकर. पुढे ते हिंदुस्थानचे पहिले मोठे गोलंदाज झाले. त्यांच्या उमेदीच्या वर्षांत मात्र त्यांच्यासाठी कोणी चेंडू दोऱ्याला टांगला नाही. एकाच काळातले दोन पगारी खेळाडू, एकाचा चेहरा लाखो पाकिटांतून घरोघर गेला आणि दुसऱ्याचा शोधत बसावे लागते. हे असे का झाले, ते समजून घेतल्याशिवाय आपल्याकडचे जुने क्रिकेट फोटो वाचता येणार नाहीत.

अमेरिकेतले कारण साधे आहे, पैसा. १८६९ साली सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्ज संघाने आपले सगळे खेळाडू उघडपणे पगारावर ठेवले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पेक अँड स्नायडर या खेळसाहित्याच्या दुकानाने त्या संघाचा फोटो जाहिरातीच्या कार्डावर छापून वाटला. १८७६ मध्ये नॅशनल लीग उभी राहिली, तिकिटे विकली जाऊ लागली, खेळाडू हा माल झाला आणि त्याचा चेहरा म्हणजे जाहिरात. सिगारेटचे मऊ पाकीट चुरगळू नये म्हणून आत एक पुठ्ठा लागायचाच, त्यावर फोटो छापला की गिऱ्हाईक पुढचे पाकीटही त्याच कंपनीचे घेणार. बॉस्टनच्या कार्ल हॉर्नरने काढलेल्या होनस वॅगनरच्या चेहऱ्यावरून १९०९ च्या सुमारास बनवलेले एक रंगीत कार्ड २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला विकले गेले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यामागची गोष्ट कारखानदारीची आहे. खेळाडूचा फोटो काढण्यात कोणाचा तरी नफा होता.

मुंबई-पुण्यात कॅमेरा उशिरा आला असे मुळीच नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे सुरुवातीच्या हिंदी छायाचित्रकारांपैकी, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांचा मुंबईतला स्टुडिओ त्या काळी नावाजलेला होता. क्रिकेटही तितकेच जुने. पारशी तरुणांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, प्रभू मंडळींनी १८६६ मध्ये बॉम्बे युनियन. कॅमेरा होता आणि क्रिकेटही होते, मग उणे काय होते? फोटोचे पैसे देणारा माणूस नेहमी एकाच बाजूचा असे. संघाचा फोटो क्लब काढवून घेई, क्लब सभासदांच्या वर्गणीवर चाले आणि सभासद वकील, व्यापारी, गोरे अधिकारी किंवा संस्थानिक असत. मैदानावरचा नोकर त्या चौकटीबाहेर उभा राही.

हिंदी क्रिकेटचा परदेशातला पहिला मोठा प्रसंग १८८६ चा. डॉ. डी. एच. पटेल यांच्या नेतृत्वाखाली पारशी संघ इंग्लंडला गेला. २८ सामन्यांत एकच विजय आणि १९ पराभव. दोनच वर्षांनी दुसरा संघ गेला, त्यात डॉ. मेहेलाशा पावरी यांनी १७० बळी घेतले आणि संघाने ८ सामने जिंकले. या दौऱ्यांचे समूहफोटो निघाले आणि टिकले, कारण तो साऱ्या समाजाच्या अभिमानाचा विषय होता आणि श्रीमंत पारशी घरांत असे फोटो काचेच्या चौकटीत भिंतीवर लागत. माणेकजी कावसजी पटेल आणि शापूरजी सोराबजी यांनी १८९० च्या दशकात पारशी क्रिकेटचे इतिहासही लिहून ठेवले. चित्र आणि मजकूर दोन्ही हाताशी असले की पुढच्या माणसाचे काम सोपे होते. पारशी क्रिकेटचा इतिहास आपल्याला इतका नीट दिसतो त्याचे श्रेय या दूरदृष्टीला आहे.

बाळूंचे असे कोणी नव्हते. १८७६ मध्ये धारवाडला जन्म, कुटुंब मूळचे कोकणातल्या पालवणचे, जात चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत, म्हणून वस्ती पुण्याला. बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम यांनी छावणीतल्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर खेळ शिकला. १८९२ च्या सुमारास ते पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात लागले, पगार चार रुपये. काम तेच, रोलर फिरवणे, जाळी लावणे, टेनिस कोर्टाच्या रेघा मारणे. ट्रॉस नावाच्या एका गोऱ्या खेळाडूने त्यांना जाळीत गोलंदाजी करायला सांगितले आणि त्या डावखुऱ्या मंदगती फिरकीचे तेज सगळ्यांच्या लक्षात आले. कॅप्टन ग्रेग हे त्या काळातले मुंबई इलाख्यातले सर्वांत भरवशाचे गोरे फलंदाज. ते इतरांच्या तासभर आधी येऊन बाळूंची गोलंदाजी खेळत आणि बाद झाले की दर वेळी आठ आणे देत, अशी आठवण रामचंद्र गुहा यांनी आपल्या क्रिकेट-इतिहासात नोंदवली आहे. शेकडो तास चेंडू टाकून बाळूंचा हात तयार झाला. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबाची, घाम नोकराचा, अशी ती वाटणी होती.

गावातल्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायचे होते आणि हरवू शकेल असा गोलंदाज समोर दिसत होता. तरी प्रश्न उभा राहिलाच. गुहा लिहितात की क्लबमधले तेलुगू सभासद बाळूंना घ्यावे म्हणत होते आणि काही मराठी ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अखेर बाळू संघात आले. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावत, पण चहाच्या वेळी बाळूंना चहा तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताट वेगळे, टेबल वेगळे. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या संघाला बाळूंनी गुंडाळल्यावर पुण्यात त्यांचा सत्कार झाला. सोबत खेळता तर सोबत जेवायलाही हवे, असे न्यायमूर्ती रानडे यांनी क्लबवाल्यांना सुनावल्याचे सांगतात.

जुना समूहफोटो हाती आला की मला हा चहा आठवतो. फोटोत सगळे खांद्याला खांदा लावून असतात. कप्तान मधल्या खुर्चीवर, त्याच्या पायाशी दोघे-तिघे जमिनीवर बसलेले, मागे उभी रांग, सगळ्यांचे सदरे सारखेच पांढरे. मातीचे भांडे त्या चौकटीत येत नाही. म्हणून फोटो हा पुरावा असला तरी तो एकट्याने साक्ष देऊ शकत नाही, त्याच्या शेजारी वर्तमानपत्र, आत्मचरित्र, धावफलक ठेवावा लागतो. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल पालवणकर यांचे १९४८ साली निघालेले ‘माझे क्रीडा-जीवन’ हे पुस्तक म्हणूनच मोलाचे आहे. चौघा भावांतल्या एकाने आपल्या हाताने लिहिलेली ही साक्ष मराठीत आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी ती वाचली आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. त्या धामधुमीच्या वर्षांत पालवणकर मुंबईला आले. बाळूंना पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. रेल्वे कंपन्यांना आपापले संघ मजबूत हवे होते, आणि चांगल्या गोलंदाजाला नोकरी देणे त्यांना परवडत होते. चर्नी रोडच्या किनाऱ्यावर १८९४ मध्ये सुरू झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना खेळवले. इथे वारा थोडा वेगळा होता. मुंबईच्या हिंदू खेळाडूंनी हळूहळू बाळूंबरोबर एका पंगतीत जेवायला सुरुवात केली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदू आणि युरोपियन संघ समोरासमोर आले. हिंदूंनी २४२ धावा केल्या, युरोपियनांना १९१ वर थोपवले, मग १६० धावा करून त्यांना दुसऱ्या डावात १०२ वर गुंडाळले. १०९ धावांनी विजय. बाळू आणि शिवराम दोघेही संघात होते. बंगालची फाळणी आदल्याच वर्षी झाली होती, स्वदेशीची हवा तापलेली होती आणि मैदानावर साहेब हरला होता. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने यात आणखी एक गोष्ट पाहिली, जातीचा अडसर बाजूला सारल्यानेच हा विजय शक्य झाला होता. बाळूंचा चेहरा फोटोच्या चौकटीत आला तो या सुमाराला. आज त्यांचे जे थोडे फोटो फिरतात ते नाव झाल्यानंतरचे, तिशी गाठल्यानंतरचे आहेत. तीन आणि चार रुपयांवरचा तरुण बाळू चौकटीबाहेरच राहिला.

मग १९११. हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला निघाला, कप्तान पतियाळाचे एकोणीस वर्षांचे महाराजा भूपिंदर सिंग. दौऱ्यात महाराजा मोजकेच सामने खेळले आणि दरबारी कामांत गुंतले. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र दुखऱ्या खांद्यानिशी उन्हाळाभर गोलंदाजी केली. सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी, त्यांतले ७५ प्रथम श्रेणीचे. संघाने प्रथम श्रेणीचे १४ सामने खेळले, १० हरले, दोनच जिंकले. लेस्टरशायरला हरवण्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता आणि सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक ठोकले. प्रशांत किदंबी यांनी या दौऱ्यावर अख्खे पुस्तक लिहिले आहे. संघाच्या फोटोत रत्नजडित महाराजा आणि चांभारवाड्यातून आलेले दोन भाऊ एकाच चौकटीत दिसतात. माझ्या मते हिंदी क्रिकेटच्या पहिल्या शंभर वर्षांतला हा सर्वांत महत्त्वाचा फोटो. मुंबईला परतल्यावर अस्पृश्य समाजाने बाळूंचा जाहीर सत्कार केला. त्यांच्या दृष्टीने दौऱ्याचा नायक कोण, याबद्दल शंका नव्हती.

एवढे होऊनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. १९२० मध्ये त्यावरून वाद पेटला. बाळूंऐवजी फलंदाज देवधर यांना कर्णधार केल्यावर शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू वर्तमानपत्रांत मांडली. तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन संघांची चौरंगी स्पर्धा जिंकली. बाळूंची प्रथम श्रेणीची कारकीर्द ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१ एवढी. पुढे ते राजकारणात उतरले, १९३२ च्या पुणे कराराच्या घडामोडींत होते आणि १९३७ मध्ये मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी हरले. १९५५ साली ते वारले. हिंदुस्थानने पहिली कसोटी १९३२ मध्ये खेळली, तोवर त्यांचे खेळायचे वय केव्हाच उलटून गेले होते.

बाळूंच्या जमान्याचे जे काही उरले ते बव्हंशी खासगी माणसांच्या चिकाटीने. मुंबईत आनंदजी डोसा यांनी आयुष्यभर धावफलक, पुस्तके, कात्रणे जमवली. वसंत रायजी यांनी स्वतः प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळून नंतर पहिल्या पिढ्यांच्या खेळाडूंवर पुस्तके लिहिली. २०२० मध्ये वयाची शंभरी पूर्ण करून ते गेले. इंग्लंडमध्ये रॉजर मान यांच्यासारख्या संग्राहकाने जुन्या क्रिकेट फोटोंचा प्रचंड साठा उभा केला. पुण्यात २०१२ पासून ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय आहे, तिथे बॅटा आणि साहित्य भरपूर पाहायला मिळते. अमेरिकेत बाजाराने खेळाडूंचे चेहरे जपले. आपल्याकडे ते काम वेड्या हौसेने केले, आणि हौसेला जिथवर पोचता आले तिथवरच्याच वस्तू वाचल्या.

जुना क्रिकेट फोटो हाती आला तर काय पाहायचे? आधी कागद. १८९० पर्यंतचे बहुतेक फोटो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावर छापलेले असत. कागद इतका पातळ की तो पुठ्ठ्यावर चिकटवावाच लागे. रंग तपकिरी, उजेडाच्या जागा पिवळट. त्यानंतरचे जिलेटिनच्या थराचे फोटो काळे-राखाडी, आणि तिरप्या उजेडात धरले की गडद भागांत, विशेषतः कडांना, निळसर चंदेरी झाक मारतात. ही झाक म्हणजे वर आलेली चांदी, ती पुसायला जाऊ नये. मग पुठ्ठा. त्यावर स्टुडिओचे नाव आणि पत्ता ठशाने उमटवलेला असतो, कित्येकदा तारखेचा सर्वांत पक्का धागा तोच असतो. पुठ्ठा फाटका दिसतो म्हणून फोटो सोलून काढणारे लोक अर्धा इतिहास कचऱ्यात टाकतात.

नावे वाचताना एक सावधगिरी हवी. त्या काळच्या धावफलकांत पालवणकर बंधू पी. बाळू, पी. शिवराम, पी. विठ्ठल, पी. गणपत असे छापले जात, म्हणजे आडनाव आद्याक्षरात आणि स्वतःचे नाव शेवटी. फोटोखाली ‘पी. शिवराम’ दिसले आणि शिवराम हे आडनाव समजून शोध घेतला तर काहीच हाती लागणार नाही. पालवणकरांचे फोटो कुठल्या तरी थैलीत ‘अनोळखी’ म्हणून पडून राहण्याचे हेही एक कारण असू शकते.

असे जुने फोटो पडून असलेल्या ट्रंका फक्त मुंबई-पुण्याच्या घरांत नाहीत. अकोले, संगमनेर, जुन्नर भागातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली, गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत राबली. रेल्वेचे आणि गिरण्यांचे संघ होते, त्यांचे समूहफोटो निघत, आणि त्यांतली प्रत निवृत्तीनंतर माणसाबरोबर गावी येई. फोटोतला मागच्या रांगेतला आजोबा कोणाच्या संघात खेळला हे आज नातवाला सांगता येत नाही. आपल्या अकोले तालुक्याची हवा या कागदांची शत्रू आहे. घाटघर, रतनवाडीकडे पावसाळ्यात चार महिने भिंती ओल्या असतात, ट्रंकेतल्या फोटोंना बुरशी धरते, कसर पुठ्ठा खाते, काच लावलेला फोटो ओलीने काचेलाच चिकटून बसतो. तो ओढून काढू नये, काचेसकट राहू द्यावा आणि काचेवरूनच त्याची प्रत काढून घ्यावी.

तेव्हा या दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक उघडाल तर एवढे करा. फोटो लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. कोरड्या स्वच्छ हातांनी कडेला धरा. पुढची आणि मागची अशी दोन्ही बाजूंची प्रत काढा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवून रांगेतली नावे विचारा आणि मऊ पेन्सिलीने मागच्या बाजूला लिहा, पेनाने नको. कोरड्या कपाटात, साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. एक प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात द्या. आणि फोटोच्या कडेला टोपी हातात धरून, रोलरपाशी उभा असलेला कोणी दिसला, तर त्याचे नाव आधी विचारा.